बऱ्हाणपूरहून बोटीत : वन्यजीव दाखवणारे छोटे जहाज कसे निवडावे

बऱ्हाणपूरला समुद्र नाही, तापी आहे. बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटर वाहत ती सुरतेजवळ समुद्राला मिळते. मोगल काळात इथले कापड त्याच दिशेने बैलगाड्यांतून सुरत बंदरात जाई आणि तिथे जहाजावर चढे. आज जहाजांच्या जाहिराती बऱ्हाणपुरात येतात. केळीच्या किंवा यंत्रमागाच्या धंद्यात चार पैसे गाठीशी असलेले कुटुंब मुलांच्या सुट्टीचा विचार करू लागले, की पेंग्विन, डॉल्फिन, कासवे आणि 'निसर्गतज्ज्ञांच्या सहवासात शैक्षणिक सफर' असे शब्द फोनवर दिसू लागतात. त्यातले खरे काय आणि कशासाठी किती पैसे मोजावेत, हे ठरवायला नियम, आकडे आणि प्रत्यक्ष ठिकाणे यांची माहिती हवी. ती मिळाल्यावर असेही दिसते, की बऱ्हाणपूरच्या स्टेशनवरून गाडी पकडून जिथे पोचता येते अशा काही नद्या या विषयात दूरच्या समुद्रांइतक्याच तोलाच्या आहेत.

क्रूझ म्हणताच डोळ्यांपुढे येते ते तीन-चार हजार प्रवाशांचे, तरणतलाव आणि नाट्यगृह असलेले जहाज. तिथे जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण असते. वन्यजीवांसाठी निघणारी छोटी जहाजे साधारण वीस ते दोनशे प्रवाशांची असतात आणि एखाद्या ठिकाणी पोचण्यापुरताच त्यांचा उपयोग असतो. दिवसातून दोनदा प्रवासी रबरी बोटींतून किनाऱ्यावर उतरतात आणि संध्याकाळी जीवशास्त्रज्ञ किंवा भूशास्त्रज्ञ त्यांना पाहिलेले समजावून सांगतात. हा प्रकार रुजवला स्वीडिश-अमेरिकन प्रवासव्यावसायिक लार्स-एरिक लिंडब्लॅड यांनी. १९६६ साली त्यांनी ५७ सामान्य प्रवाशांना अंटार्क्टिकाला नेले, पुढच्या वर्षी गॅलापागोस बेटांची सफर काढली आणि १९६९ मध्ये याच कामासाठी 'लिंडब्लॅड एक्सप्लोरर' हे जहाज बांधून घेतले. जो माणूस एखादी जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघेल तो तिच्या रक्षणासाठी उभा राहील, असा त्यांचा विश्वास होता. पुढच्या सगळ्या 'शैक्षणिक क्रूझ' या विश्वासावर उभ्या आहेत. म्हणून प्रवासी खरोखर काही शिकतो का आणि ती जागा राखली जाते का, याच दोन कसोट्या त्यांना लावायला हव्यात.

जहाज लहान असण्याचा फायदा नेमका कुठे होतो? अंटार्क्टिकाला जाणाऱ्या कंपन्यांची संघटना १९९१ मध्ये सात कंपन्यांनी स्थापन केली. तिच्या नियमांनुसार एका ठिकाणी एका वेळी किनाऱ्यावर शंभरच प्रवासी असू शकतात, वीस प्रवाशांमागे एक मार्गदर्शक लागतो आणि पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाही उतरता येत नाही. आता हिशेब मांडून पाहावा. नव्वद प्रवाशांच्या जहाजातले सगळे एकदम उतरतात आणि सगळा वेळ पेंग्विनांच्या वसाहतीजवळ घालवतात. एकशे ऐंशीच्या जहाजात दोन पाळ्या लागतात. साडेचारशेच्या जहाजात पाच पाळ्या होतात आणि अंटार्क्टिकाचे भाडे भरलेला माणूस बहुतेक वेळ डेकवर आपल्या पाळीची वाट बघतो. जाहिरातीत तिन्ही जहाजांचा उल्लेख 'एक्सपिडिशन क्रूझ' असाच असतो.

गॅलापागोसचा कायदा याहून कडक आहे. इक्वेडोरच्या या द्वीपसमूहाची जवळजवळ ९७ टक्के जमीन १९५९ पासून राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथे फिरणाऱ्या जहाजावर शंभरपेक्षा जास्त प्रवासी चालत नाहीत. उद्यानाने प्रमाणित केलेला मार्गदर्शक सोबत हवाच आणि एका मार्गदर्शकामागे सोळाच प्रवासी असतात. कोणते जहाज कोणत्या दिवशी कोणत्या बेटावर थांबेल हे कंपनी नव्हे, उद्यान ठरवते, आणि तेच जहाज चौदा दिवसांत त्याच जागी पुन्हा येऊ शकत नाही. त्यामुळे चार दिवसांची सफर घेतली तर बेटांचा एकच तुकडा दिसतो. कोणता, हे मार्गपत्रिका वाचून आधीच कळते. ज्यांना खुरट्या पंखांचे, न उडणारे पाणकावळे बघायचे आहेत त्यांनी इसाबेला आणि फर्नांदिना या पश्चिमेकडच्या बेटांचा मार्ग मागायला हवा. ते पक्षी दुसरीकडे भेटत नाहीत. ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढ प्रवाशाचे प्रवेशशुल्क शंभर डॉलरवरून दोनशे झाले आहे आणि ते सहसा सफरीच्या भाड्यात धरलेले नसते. नॉर्वेने उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांच्या संरक्षित भागांत १ जानेवारी २०२५ पासून जहाजामागे दोनशे प्रवाशांची मर्यादा घातली. पांढऱ्या अस्वलापासून किमान तीनशे मीटर आणि १ मार्च ते ३० जून या काळात पाचशे मीटर दूर राहणे बंधनकारक केले. 'अस्वलाचे अगदी जवळून दर्शन' असे जी कंपनी आजही छापते, तिचे बाकीचे बोलणेही तपासून घ्यावे.

छोटे म्हणजे सुरक्षित, असे मात्र समजू नये. लिंडब्लॅड यांचे तेच जहाज पुढे 'एक्सप्लोरर' या नावाने दुसऱ्या मालकाकडे गेले आणि २३ नोव्हेंबर २००७ रोजी अंटार्क्टिकाजवळ बर्फावर आदळून बुडाले. जहाजावरचे सर्व १५४ जण जीवरक्षक नौकांत काही तास काढल्यावर वाचले, कारण त्या भागातली दुसरी जहाजे मदतीला धावली. तेव्हा जहाजाची बर्फात चालण्याची श्रेणी, कप्तानाचा त्या पाण्यातला अनुभव आणि आजारी माणसाला हलवण्याचा खर्च उचलणारा विमा या गोष्टी जेवणाच्या यादीआधी विचारायच्या. दक्षिण अमेरिकेचे टोक ते अंटार्क्टिका हा ड्रेक सामुद्रधुनीचा प्रवास जाताना दोन आणि येताना दोन दिवसांचा असतो. त्या पाण्यात छोटे जहाज मोठ्यापेक्षा जास्त हलते. घरातल्या आजी-आजोबांना गुडघ्याचा त्रास असेल तर रबरी बोटीत चढणे-उतरणे हाच खरा अडथळा ठरतो. गॅलापागोसमध्येही 'ओले उतरणे' म्हणजे गुडघाभर पाण्यात पाय टाकून किनारा गाठणे असते.

हे सगळे लाखांच्या घरातले. पण वन्यजीव, पाणी, छोटी बोट आणि शिकवणारा माणूस या चारही गोष्टी मध्य प्रदेशातच एका जागी मिळतात. त्या जागेचे नाव चंबळ.

मुंबईहून फिरोजपूरला जाणारी पंजाब मेल बऱ्हाणपूर, खांडवा, इटारसी, भोपाळ, ग्वाल्हेर करीत मुरैना-धौलपूरवरून जाते. त्या दोन गावांच्या मधे चंबळ ओलांडावी लागते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांतले राष्ट्रीय चंबळ अभयारण्य १९७० च्या दशकाच्या शेवटी झाले, कारण घडियाल, म्हणजे लांब अरुंद तोंडाची मासेखाऊ सुसर, तेव्हा भारतातून नाहीशी होण्याच्या बेतात होती. १९७५ मध्ये केंद्र सरकारने मगरी-सुसरींच्या संवर्धनाचा प्रकल्प सुरू केला. मुरैनाजवळच्या देवरी केंद्रात वाळूतून आणलेली अंडी उबवतात, पिल्ले साधारण १.२ मीटर लांब होईपर्यंत वाढवतात आणि मग नदीत सोडतात. आज चंबळेच्या मोजणीत दोन हजारांवर घडियाल दिसतात. जगातली त्यांची सर्वांत मोठी वस्ती हीच. शाळकरी मुलाला आधी देवरीच्या टाक्यांतली वितभर पिल्ले दाखवावीत आणि मग राजघाट पुलापासून बोटीत बसवून वाळूवर उन्हात पसरलेला चार-पाच मीटरचा नर दाखवावा. तेवढ्या एका दिवसात त्याला जे कळेल ते पुस्तकातल्या धड्याने कळणार नाही.

चंबळेवर चांगला बोटवाला ओळखणे अवघड नाही. घडियाल थंड रक्ताचा प्राणी आहे. हिवाळ्यात ऊन खाऊन अंग तापवल्याशिवाय त्याला अन्न पचवता येत नाही. बोट अंगावर आली की तो पाण्यात शिरतो आणि त्याचे ऊन वाया जाते. जाणता नावाडी लांबूनच इंजिन बंद करतो आणि प्रवाहाबरोबर बोट वाहू देतो. तो वाळूचे महत्त्वही सांगतो : घडियालाची मादी आणि चोचीने पाणी कापत उडणारा पाणचिरा हा पक्षी, दोघेही वाळूच्या पट्ट्यावर अंडी घालतात, आणि त्याच वाळूवर चोरट्या उपशाचे ट्रॅक्टर उतरतात. २००७-०८ च्या हिवाळ्यात इथे शंभरावर घडियाल मेले. मृत प्राण्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली आढळली आणि पाण्यातल्या किंवा माशांतल्या विषारी द्रव्यावर संशय गेला. हे न सांगता फक्त 'तो बघा, तो बघा' म्हणत फिरवणारी सफर शैक्षणिक नव्हे.

सातपुडा व्याघ्र प्रकल्पातले मढई त्याहून जवळ. इटारसी-जबलपूर मार्गावरचे सोहागपूर स्टेशन गाठले की थोड्याच अंतरावर देनवा नदीचा काठ येतो. पाण्यापलीकडे जंगल आणि अलीकडे गाव अशी इथली रचना आहे. जिप्सीच्या सफरीखेरीज इथे बोटीतून आणि डोंगीतूनही फिरता येते. पाण्याच्या कडेला येणारे गवे, काठावरच्या मगरी, हिवाळी बदके आणि नशीब असेल तर पाणमांजरांचा कळप, हा सगळा ऐवज इंजिनाचा आवाज नसताना जास्त चांगला दिसतो. ज्या तवा धरणाच्या पाण्याने हा प्रदेश घडवला, त्या जलाशयाला ऑगस्ट २०२४ मध्ये रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

खांडवा जिल्ह्यातल्या हनुवंतियाचा विचार बऱ्हाणपूरकर सर्वांत आधी करतात, कारण अंतर कमी आहे आणि २०१६ पासूनच्या जलमहोत्सवाने त्याचा गाजावाजा झाला आहे. ते ज्याच्या काठी आहे त्या इंदिरासागर धरणाच्या जलाशयाची साठवण देशात सर्वांत मोठी, १२.२२ अब्ज घनमीटर. मौजेसाठी जागा उत्तम. वन्यजीवांचे शिक्षण मात्र तिथे आपोआप मिळत नाही. तिथे शिकण्यासारखी खरी गोष्ट पाण्याखाली आहे. २००४ मध्ये हरसूद हे नांदते शहर या धरणासाठी रिकामे करण्यात आले. धरण, विस्थापन, बुडालेले जंगल आणि नव्याने आलेले पाणपक्षी यांचा संबंध जोडून सांगणारा कोणी बरोबर असेल, तर हनुवंतियाची बोटही मोठी शाळा होईल. आणखी एक बाब निघण्यापूर्वी बघायची. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळ खंडपीठाने तिथल्या भोज पाणथळीत क्रूझ आणि मोटरबोटी थांबवण्याचा आदेश दिला. डिझेलमुळे पिण्याचे पाणी खराब होते, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. तेव्हा राज्यातल्या कोणत्याही जलाशयावर कोणती बोट चालू आहे आणि ती कशावर चालते, हे आरक्षणाआधी विचारून घेणे बरे.

तापीवरच प्रवाहाच्या दिशेने खाली गेले की भुसावळजवळ ४१ दरवाजांचे हतनूर धरण लागते. तापी-पूर्णा संगमावरच्या चांगदेवपर्यंत त्याचे पाणी पसरते आणि हिवाळ्यात तिथे चक्रवाक, तलवार बदक, वारकरी यांचे थवे उतरतात. वरणगावची चातक निसर्ग संवर्धन संस्था इथल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवत आली आहे. बोट मिळो न मिळो, दुर्बीण घेऊन काठावर घालवलेली एक सकाळ ही पुढच्या कोणत्याही महागड्या सफरीची उत्तम तयारी आहे. ज्या मुलाला इथे दोन तास कंटाळा येतो, त्याला अंटार्क्टिकाच्या डेकवरही तो येणारच.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर चांगले आणि वाईट नमुने शेजारी शेजारी सापडतात. वेंगुर्ल्यात मांडवीच्या खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवनाची सफर घडवतात. नाव त्या स्वतः वल्हवतात आणि कांदळाच्या जाती, त्यांची श्वासमुळे, खेकडे, पक्षी यांची माहितीही स्वतःच देतात. आवाज नाही, धूर नाही, आणि पैसा गावात राहतो. लिंडब्लॅड यांच्या कल्पनेचे इतके शुद्ध रूप कोट्यवधींच्या जहाजांवरही क्वचित दिसते. याउलट कोकणात अनेक ठिकाणी चालणारी 'डॉल्फिन राइड' म्हणजे बहुधा पाठलाग असतो. किनाऱ्यालगत राहणारे कुबडवाले डॉल्फिन जगभरात संकटग्रस्त आहेत. चार-पाच मोटरबोटी त्यांना घेरतात तेव्हा त्यांना मासे पकडणे सोडून पळावे लागते. बोटवाला 'दिसले नाहीत तर पैसे परत' म्हणत असेल, तर त्या हमीची किंमत डॉल्फिन मोजतो.

भिगवणला उजनी धरणाच्या फुगवट्यावर मासेमार कुटुंबांतली मुले रोहित पक्ष्यांच्या जवळ, पण उडणार नाहीत इतक्या अंतरावर नाव नेतात. ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत जाणाऱ्या बोटी भरती-ओहोटीच्या वेळा पाळतात. ही खाडी २०१५ मध्ये रोहित अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेली. तिथे आधी प्रदर्शन दाखवतात, मग पाण्यावर नेतात. हा क्रम सगळीकडे असावा असा आहे. गोव्यात चोडण बेटावरचे सलीम अली पक्षी अभयारण्य अवघे १.८ चौरस किलोमीटरचे. भरतीच्या वेळी होडीतून त्याच्या आतल्या ओहोळांत शिरता येते.

ज्यांना बोटीवरच मुक्काम हवा, त्यांच्यासाठी देशात दोन मोठ्या नद्या आहेत. ब्रह्मपुत्रेवर आसाम बंगाल नेव्हिगेशन ही कंपनी २००३ पासून बारा खोल्यांच्या छोट्या जहाजांतून प्रवासी नेते. एकीकडे काझीरंगा, दुसरीकडे माजुली. गंगेवर १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून 'गंगा विलास' सुटले : १८ खोल्या, ३६ प्रवासी, दिब्रुगडपर्यंत ३,२०० किलोमीटर आणि ५१ दिवस. त्याचा मार्ग बिहारच्या विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्यातून जातो. गंगेतले डॉल्फिन जवळजवळ आंधळे असतात आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवर जगतात. मयूख डे, नचिकेत केळकर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की उथळ पाण्यात जहाजांची वर्दळ वाढली की या प्राण्यांना आपले आवाज बदलावे लागतात आणि त्यात त्यांची शक्ती जास्त खर्च होते. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या देशव्यापी मोजणीत नदीतले डॉल्फिन ६,३२७ भरले. छत्तीस प्रवाशांचे जहाज प्रवाशांच्या दृष्टीने छोटे असले, तरी उन्हाळ्यातल्या उथळ गंगेत डॉल्फिनच्या दृष्टीने ते मोठेच. म्हणून नदीवरच्या क्रूझला विचारायचा पहिला प्रश्न हाच, की अभयारण्यातून जाताना तुम्ही वेग किती कमी करता.

शिक्षणाच्या बाबतीत भाषेचा मुद्दा जाहिरातींत कधीच येत नाही. गॅलापागोसचे मार्गदर्शक स्पॅनिश आणि इंग्रजी बोलतात. ध्रुवीय जहाजांवरची व्याख्याने इंग्रजीत होतात. बऱ्हाणपूरच्या घरात मराठी, बाजारात हिंदी बोलणाऱ्या आजीला आणि सातवीतल्या नातवाला त्यातले किती कळेल, हा विचार भाडे भरण्याआधी व्हावा. चंबळेचा नावाडी हिंदीत आणि वेंगुर्ल्याची वल्हवणारी बाई मराठीत बोलते. प्रश्न विचारण्याची भीड तिथे राहत नाही, आणि शिकणे खऱ्या अर्थाने प्रश्नांपासून सुरू होते.

दुसरी परीक्षा नोंदींची. चांगल्या जहाजांवर प्रवाशांनी काढलेली कुबड्या देवमाशांच्या शेपट्यांची छायाचित्रे 'हॅपीव्हेल' या प्रकल्पाला पाठवतात. शेपटीखालच्या खुणांवरून प्रत्येक देवमासा ओळखता येतो आणि त्याचा प्रवास कळतो. पक्ष्यांच्या याद्या 'ईबर्ड'वर चढवता येतात, अगदी हतनूरच्या काठावरूनही. जिथे प्रवाशांकडून असे काही करून घेतले जाते तिथे 'शैक्षणिक' या शब्दाला वजन असते. २०२३-२४ मध्ये बर्ड फ्लू गॅलापागोस आणि अंटार्क्टिकापर्यंत पोचल्यावर अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर प्रवाशांनी बसू नये, गुडघे टेकू नयेत, पिशवी जमिनीवर ठेवू नये, असा नियम आला. तो का, हे जे जहाज उतरण्यापूर्वी समजावते ते निवडावे.

आणि जीवरक्षक जाकीट. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका बुडाल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि सगळ्यांना जाकीट नव्हते. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्यानुसार यांत्रिक बोटीला नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा लागतो. तो दाखला मागण्यात संकोच कसला? शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकाने तर तो मागितलाच पाहिजे, आणि मुलांच्या मापाची जाकिटे आधी डोळ्यांनी बघून घ्यावीत.

राहता राहिले वेळापत्रक. सातपुड्याचे गाभाक्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीला मढई जमते, भिगवणचे रोहित मात्र तेव्हा क्वचितच आलेले असतात. त्यांच्यासाठी जानेवारी ते मार्च धरावा. घडियाल उन्हात पसरलेले बघायचे तर डिसेंबर-जानेवारी, म्हणजे शाळेला नाताळची सुट्टी असते तेव्हा; अंड्यांतून बाहेर आलेली पिल्ले मात्र जूनमध्ये, पाऊस पडण्याआधीच्या थोड्या दिवसांत. ब्रह्मपुत्रेची जहाजे पावसाळा टाळून ऑक्टोबर ते एप्रिल चालतात. अंटार्क्टिका नोव्हेंबर ते मार्च. पेंग्विनांची पिल्ले जानेवारीच्या आसपास दिसतात आणि देवमासे फेब्रुवारी-मार्चला जास्त. गॅलापागोस बारा महिने खुले असते. एप्रिल-मेच्या मोठ्या सुट्टीत जाऊ शकणाऱ्या बऱ्हाणपूरकरांना ते वेळेत बसते.